आमच्या विहिरीचा मुकादम

किस्से कसे साठतात, सांगू? जिन्याखालच्या अडगळीसारखे! एकाला ओढायला हात घालावा, तर त्याच्या तंगडीत अडकलेला दुसरा बाहेर येतो. लालबागच्या आमच्या चाळीत तर काही टाकून द्यायची रीतच नव्हती. फुटक्या बादलीची कुंडी व्हायची, मोडक्या छत्रीच्या काड्यांवर पापड भाजायचे, आंब्याच्या बाठी भाजून खाल्ल्यावर टरफलं बंबात जायची. मग किस्से तरी कोण टाकणार?

आमची ही म्हणते, "तुमच्या किश्शांत अर्धं पाणी असतं." असेल बुवा. आजचे किस्से तर पाण्याचेच आहेत. पण सांगतो ते खरं. म्हणजे बरंचसं!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. सकाळी गिरणी, संध्याकाळी सभा, आणि मधल्या वेळात जमलं तर लाठी खायची, असा आमचा कार्यक्रम. चाळीच्या चौकात एक दगडी विहीर होती. नळ नंतर आला. तोवर चाळ विहिरीवर जगली, आणि विहीर जगली आप्पा परबांवर.

आप्पा मालवणकडचे. गिरणीत बॉयलरवर जन्म गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी विहिरीचा रहाट, दोर आणि पोहरा आपल्या ताब्यात घेतला. कोणी नेमलं नव्हतं, कोणी काढूही शकत नव्हतं. मुंबईत आयुष्य गेलं तरी बोलणं गावचंच. गॅलरीत कोणी बादली कलती केली, की खालून आवाज यायचा, "पाणी फेकू नकात, पुढे धाडा!"

पुढे धाडा म्हणजे काय? तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची. त्या पाण्यात भांडी विसळायची. विसळवणी लादीला. आणि लादी पुसूनही जे उरेल ते विहिरीमागच्या अळवाला. एका बादलीला आप्पांनी गिरणीसारखी खाती लावून दिली होती!

एकदा आप्पांचे नवे जावई आले. गिरगावातले, परीटघडीचे. पाणी प्यायले आणि उरलेलं अर्धं फुलपात्र सवयीने कठड्यावरून खाली भिरकावलं. आप्पा उठले. फुलपात्र घेतलं, अर्धं भरलं, जावयांच्या हातात दिलं आणि त्यांना मनगटाला धरून जिने उतरवत थेट अळवापाशी नेलं.

"घाला हय."

जावई बावरले. "पण आप्पा, ते पाणी तर केव्हाच गेलं. हे दुसरं आहे!"

"होय तर. गेलेल्याच्या नावानं पाणीच सोडतत!"

जावयांनी सोडलं. पुढे सासुरवाडीला आले की घोटभरच मागून घ्यायचे.

*

विहिरीत एक कासव होतं. जुन्या लोकांची पद्धत. विहिरीत कासव सोडलं की ते शेवाळ खातं, किडे-अळ्या खातं, पाणी आरशासारखं राहतं. त्याला सगळे मुकादम म्हणत. दिवसभर तळाशी. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, की बायका चुलीवर भात टाकायच्या आधी चिमूट चिमूट कणी विहिरीत टाकत. त्यामुळे भोंगा वाजला रे वाजला, की मुकादम वर! मान बाहेर, तोंड उघडं. मी तर असंही पाहिलंय, की एकदा भोंगा उशिरा वाजला आणि मुकादम आधीच वर येऊन गिरणीच्या दिशेने रागाने बघत होता. (ही म्हणते, "हे पाणी!")

एकदा मलेरियाखात्याचा साहेब तपासणीला आला. डोक्यावर हॅट, हातात लांब दांड्याची पळी. पळीपळीने पाणी काढून बघतोय, काढून बघतोय, एक अळी मिळेल तर शपथ! शेवटी घाम पुसत म्हणाला, "औषध कुठलं मारता?"

"औषध नाय सायबानू. माणूस ठेवलेलो आसा."

"माणूस? कुठाय?"

आप्पांनी विहिरीत बोट दाखवलं. "खाली. तो आता ड्युटीर आसा. भोंगो झालो की येतलो वर, तवसर बसा."

साहेब खरंच बसला! चहा झाला, पान झालं, भोंगा झाला, मुकादम वर आला. साहेबाने हॅट काढून बगलेत धरली. विहिरीवर झाकण घालायचं म्हणून आला होता, ते न घालताच गेला.

*

आता बाळा तावड्याच्या शर्टाचा किस्सा. बाळा म्हणजे आमच्या चाळ कमिटीचा अध्यक्ष आणि प्रत्येक मोर्चात पुढच्या रांगेत. एका मोर्चात लाठ्या पडल्या. बाळाची पाठ निभावली, शर्ट मात्र उभा फाटला. आठवडाभराने विभागातल्या लोकांनी ठरवलं, की सभेत हा शर्ट व्यासपीठावर टांगायचा. लोकांना कळू दे, मराठी माणसाने काय सोसलंय ते!

चार कार्यकर्ते घरी आले. "वहिनी, तो शर्ट द्या."

वहिनी म्हणजे बाळाची बायको, सुमन. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगोबाई, शर्ट कुठला आता!"

आमच्याकडे शर्टाचं आयुष्य ठरलेलं असायचं. थोरल्याचा धाकट्याला, मग बाह्या कापून पिशवी, पाठीचा भाग गोधडीत, कॉलर चुलीवरची भांडी उतरवायला, आणि अगदी शेवटी चिंधीचा काकडा होऊन देवापुढे. शर्टाला मोक्ष मिळायचा! बाळाच्या शर्टाची पिशवी होऊन दाराला अडकवली होती. आत कांदे होते.

कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "शिवण उसवता येईल?"

"हात लावून बघा!" सुमनवहिनी म्हणाल्या.

शेवटी पिशवीच नेली. व्यासपीठावर टांगली. हार घातला. मैदान घोषणांनी दणाणलं, वक्त्यांनी पिशवीकडे हात करून भाषणं केली, म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. सभा संपल्यावर वहिनी व्यासपीठावर चढल्या आणि सभेच्या अध्यक्षांना म्हणाल्या, "हार ठेवा तुम्हाला. पिशवी द्या. उद्या भायखळ्याला भाजी आणायचीय!"

ती पिशवी वहिनींनी पुढेही पुष्कळ वापरली. ह्याच वहिनींच्या दारामागे आता प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा एवढा गठ्ठा आहे. बाजारात प्रत्येक वेळी नवी मिळते ना!

*

पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याच्यावाचून बाकीचे अर्धे राहतात.

मागच्या चाळीत कांबळे आजी राहायच्या. त्या घराने पुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पण तेव्हाही आणि नंतरही, आमच्या विहिरीला त्यांचा हात लागत नव्हता. लिहिलेलं कुठेच नव्हतं. पाळलेलं मात्र होतं. आजी हंडा ठेवून बाजूला उभ्या राहायच्या, आप्पा पोहरा ओढून त्यांच्या हंड्यात पाणी घालायचे. आप्पांना यात आपला मोठेपणा वाटे. "मी त्यांका कधी ताटकळत ठेवलंय नाय," असं सांगायचे.

पण पोहरा हंड्याला लागू नये म्हणून वरून ओतायचे. जावयाला अर्ध्या फुलपात्रासाठी जिने उतरवणारा माणूस! आजींचा हंडा भरेपर्यंत तेवढंच पाणी दगडावर सांडायचं.

एक दिवस आजी सहज म्हणाल्या, "आप्पा, जवळून घातलं असतं तर सांडलं नसतं."

पुढचा पोहराही आप्पांनी वरूनच ओतला. आम्ही बघत होतो.

मग आंदोलनातली ती दुपार. गल्लीच्या तोंडाशी अश्रुधूर सुटला. नळकांडी घरंगळत थेट आमच्या चौकात! डोळ्यांत तिखट गेल्यासारखे सगळे आंधळे, पोरं किंचाळतायत, बायका भिंती चाचपडतायत. आणि रहाटाचा आवाज ऐकू आला. करकर, करकर, डुबुक! कोणीतरी पोहऱ्यामागून पोहरा उपसत होतं आणि ओले फडके वाटत होतं. आम्हाला, पोरांना, आणि डोळे चोळत भिंतीला टेकलेल्या एका हवालदारालाही.

धूर विरला तेव्हा दिसलं. रहाटावर कांबळे आजी.

आजींनी दोर नीट गुंडाळून ठेवला, पदर पिळला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं ह्या विहिरीच्या पाण्याला आमचा हात चालला नाही. आज तुमच्या डोळ्यांना मात्र चालला!"

दुसऱ्या दिवशी आप्पा पोहरा घेऊन त्यांच्या दाराशी गेले. मी बरोबर होतो. म्हणाले, "आजपासून तुमचा तुम्ही काढा. कोण कायव म्हणूचा नाय." आजींनी पोहरा घेतला. उलटसुलट करून पाहिला.

"काढते," त्या म्हणाल्या. "पण आता नळ येणार म्हणतायत, आप्पा. उशीर केलात."

*

नळ आला! नारळ फुटला, पेढे वाटले, बाळा तावड्याने नळाला हार घातला. ह्या माणसाला हार घालायला काहीही चालायचं. आणि आजीही नळावर आमच्याच रांगेत उभ्या राहायला लागल्या, हे मात्र चांगलंच झालं. विहीर सगळ्यांची झाली तेव्हा ती कोणालाच नको होती, एवढंच.

नळाचं पाणी पहाटे यायचं. उठणार कोण? मग एकाने युक्ती काढली. नळ उघडाच ठेवायचा आणि खाली रिकामा डबा. पाणी आलं की डबा वाजतो, वाजला की जाग येते. गिरणीचा भोंगा फुकट वाजत होता, पण आम्हाला डब्याची गोडी लागली! डबा भरून वाहायचा, आम्ही कूस बदलून म्हणायचो, "आलं वाटतं." अळवाला पाणी नेऊन घालायचं तर कोणी नावच काढेना. आप्पा चौकात येऊन नळ बंद करायचे आणि ओरडायचे, "पुढे धाडा रे!" वरून कोणीतरी म्हणायचं, "आप्पा, आता मागून येतंय ना भरपूर!"

आणि विहिरीत कचरा पडायला लागला. सुरुवात देवाच्या नावाने झाली. फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून निर्माल्य विहिरीत. निर्माल्यामागून नारळाच्या शेंड्या, शेंड्यांमागून फुटके कप, कपांमागून काहीही. देवाने वाट दाखवली की भक्तांना कोण अडवणार?

गणपतीत वरच्या मजल्यावरच्या गिरजाबाई निर्माल्याची परडी घेऊन निघाल्या. आप्पा आडवे. "विहिरीत नको गे. अळवात पूर. खत होतला."

गिरजाबाई भडकल्या. "देवाची फुलं अळवात? जिथे अख्ख्या चाळीचं खरकटं पाणी जातं तिथे? बाटवता का देवाला!"

आप्पांनी शांतपणे विचारलं, "गिरजे, ऋषिपंचमीच्या भाजीत, गौरीच्या निवेदात तू दरवर्षी अळू खयचा घालतंस?"

गिरजाबाई थांबल्या. अळवाकडे पाहिलं. परडीकडे पाहिलं. मग गेल्या आणि निर्माल्य अळवात पुरलं. आप्पा जिंकले.

त्या वर्षीपुरते. पुढल्या वर्षी गिरजाबाईंनी अळू बाजारातून आणलं.

*

मग आमची लढाई जिंकली. मुंबईसकट महाराष्ट्र मिळणार, हे नक्की झालं. लालबाग-परळला दिवाळी! कमिटीची मीटिंग भरली. आमच्या चाळीचाही सोहळा व्हायलाच हवा. झेंडा, भाषण, व्यासपीठ. पण व्यासपीठ घालणार कुठे? चौकात तर मध्येच विहीर.

बाळा तावडे म्हणाला, "तशीही कचऱ्याने निम्मी भरलीय. वास मारतोय. पडक्या भिंतींचं राबिट टाकू, वर मातीचा ओटा घालू. कायमचं व्यासपीठ!"

टाळ्या.

आप्पा उभे राहिले. "साफ करूया. मी एकटो उतरतंय. दोन माणसां दोराक द्या फकत."

"आप्पा, नळ आहे ना!"

"नळ आपलो नाय रे बाळा. तेची किल्ली दुसऱ्याकडे आसा. ही आपली आसा."

बाळा वाईट माणूस नव्हता. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आप्पा, आज राज्य आपलं होतंय. आता नळाची किल्लीपण आपलीच!"

पुन्हा टाळ्या. ह्या वेळी जास्त. ठराव पास.

आप्पांनी मग एकच मागितलं. "मुकादमाक आधी काढूक देवा."

"तो केव्हाच मेला असेल," कोणीतरी म्हणालं. खरंच, कणी टाकणं बंद झालं होतं, कोणी आत डोकावतही नव्हतं. राबिटाचा ट्रक चौकात येऊन उभा राहिला तेव्हा आप्पा विहिरीच्या काठावर बसलेले. ड्रायव्हर हॉर्न मारतोय. आप्पा म्हणाले, "भोंगो होऊ दे."

हॅट बगलेत धरणाऱ्या साहेबासारखे आम्हीही थांबलो. भोंगा झाला. आप्पांनी मूठभर कणी सोडली. खाली नुसता कचरा. शेंड्या, फुलं, कागदी पताका. मग पताका हलल्या. त्यांच्यातून एक मान वर आली. तोंड उघडं.

आप्पांनी पोहरा सोडला, पण एकट्याला ओढवेना. कोण पुढे झालं? कांबळे आजी. दोघा म्हाताऱ्यांनी एका दोराला धरून मुकादमाला वर घेतलं. मग ट्रक मागे आला आणि रिकामा झाला.

विहीर भरताना आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं. आधी डुबुक डुबुक. मग नुसता खडखडाट.

*

आता मुकादमाला ठेवायचं कुठे? आप्पांनी त्याला घमेल्यात ठेवलं, वर ओलं गोणपाट टाकलं आणि दुसरी विहीर शोधायला निघाले. मी सोबत. ट्राममध्ये बसलो. कंडक्टरने गोणपाट हलताना पाहिलं.

"काय आहे आत?"

"मुकादम."

कंडक्टरने गोणपाट उचललं आणि परत टाकलं. "ओ काका! जिवंत जनावर गाडीत चालत नाही!"

"जनावर नाय रे बाबा," आप्पा म्हणाले. "निर्वासित आसा."

कंडक्टरने मागेपुढे पाहिलं. मग म्हणाला, "घमेलं सीटखाली सरकवा." आणि पुढे गेला.

गिरगावात जावयांच्या वाडीतली विहीर होती. तिच्यावर लोखंडी पत्रा, पत्र्यावर सायकली. दादरला एकाने विहीर दाखवली, तिच्यात पंप बसवलेला. "पात्यात सापडेल हो!" माणूस हळहळला. भायखळ्याला विहिरीच्या जागी पानाची गादी. पानवाल्याने चुना लावता लावता सांगितलं, "हो हो, माझ्या खालीच आहे!"

जावयांनी मात्र त्या दिवशी घमेल्यावर स्वतःच्या फुलपात्रातलं अर्धं पाणी शिंपडलं.

संध्याकाळी आम्ही तिघं परत.

*

आणि मग तो सोहळा. तुम्हाला सांगतो, ह्यात एक थेंब पाणी नाही. हीसुद्धा तिथे होती, विचारा तिला.

पहिली पाळी सुटली की गिरणीतले थेट यावेत, म्हणून दुपारचा मुहूर्त. विहिरीवर ओटा घातला होता, शेणाने सारवला होता, रांगोळी, पताका. पण बाळा तावड्याला धीर कुठला? भोंग्याआधीच माईक हातात घेतला. समोर बायका, पोरं, म्हातारे. पहिल्या रांगेत कांबळे आजी, स्वयंसेवकाने दिलेलं नळाच्या पाण्याचं फुलपात्र हातात. ओट्याच्या कडेला आप्पा. उन्हाने जीव कासावीस होईल म्हणून त्यांनी मुकादमाला घमेल्यातून काढून सावलीत ठेवलं होतं.

बाळा रंगात आला होता. "बंधूंनो, भगिनींनो, आज आपल्याला आपलं सगळं, सगळं मिळालं..."

आणि भोंगा झाला.

मुकादम निघाला. घाई नाही, गडबड नाही. रांगोळीवरून, माईकच्या वायरवरून, बाळाच्या चपलांमधून. पोरं हसायला लागली. ओट्याच्या बरोब्बर मध्यावर मुकादम थांबला. मान वर केली. तोंड उघडलं.

पोरांचं हसू थांबलं.

बाळाच्या हातात माईक तसाच. शेवटी हळूच म्हणाला, "आप्पा... उचला ना त्याला."

"ऱ्हवां दे वाईच," आप्पा म्हणाले. "ड्युटीर आसा तो."

मग कांबळे आजी उठल्या. ओट्यावर चढल्या, खाली बसल्या आणि फुलपात्रातलं पाणी मुकादमाच्या तोंडापुढे ओतलं. अगदी जवळून. इकडेतिकडे एक थेंब सांडला नाही.

मातीने पाणी ओढून घेतलं. आत गेलं, खाली.

आणि अख्खी चाळ खालून एक डुबुक येतंय का, म्हणून कान देऊन ऐकत राहिली.